सभागृह उठेपर्यंत

इंदिरानगर, नाशिक
६ नोव्हेंबर २०२२

आदरणीय अप्पा,
सप्रेम जयभीम.

तुमचा निरोप बहिरूकाकांनी परवा द्वारका चौकात दिला. ते स्वतःच्या जीपचे स्प्रिंगचे पाटे घ्यायला आले होते आणि मी कोर्टातून परतत होते. रिक्षांच्या गर्दीतून ते ओरडले, "ओ वकीलसाहेब, तुझ्या बापाला विधानसभेचा कागद आलाय! साक्षीला बोलावलंय!" चार माणसं वळून माझ्याकडे बघायला लागली. एरवी मला लाज वाटली असती. त्या दिवशी वाटलं, अजून एकदा ओरडावं त्यांनी.

अप्पा, आपल्या घरातून आजवर साक्षीला गेलं ते कोणीतरी धरून नेलं म्हणून. 'आपण उपस्थित राहावे ही विनंती' असं कोणी लिहून बोलावल्याचं मला आठवत नाही. मी योगिनी मॅडमना विचारलं. (मी ज्यांच्या हाताखाली वकिली शिकते त्या.) त्या म्हणाल्या, ही विधानसभेची समिती आहे, तिला साक्षीदार बोलावायचा, शपथ द्यायचा, कागद मागवायचा अधिकार संविधानानेच दिला आहे. म्हणजे लोकांनी निवडून दिलेली माणसं तुम्हाला विचारणार, की आपल्या डोंगरावरच्या आश्रमशाळेत खरं काय चाललंय. शाळेत नसलेली मुलं हजर दाखवायची आणि त्यांच्या वाट्याचं धान्य बाहेर विकायचं, असा आरोप आहे ना संस्थेच्या चालकांवर? तुमच्या जीपमधून सुरगाण्याची माणसं दिवाळीनंतर दिंडोरीकडच्या द्राक्षमळ्यांवर जातात, पोरांसकट. तुमच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

त्या दिवशी मला निफाडच्या कोर्टात जावंच लागणार आहे, नाहीतर मी तुमच्याजवळ बसले असते. म्हणून पत्र लिहिते. फोनवर सांगितलं असतं, पण तुम्ही टेकडीवर चढता आणि 'हॅलो, हॅलो' करण्यातच रेंज संपते.

एकच सांगते. काही म्हणजे काही लपवू नका. घाबरायचं कारण नाही. बाबासाहेबांनी आपल्याला हेच तर दिलं, मोठ्या माणसांसमोर उभं राहून खरं बोलायची जागा.

आईला जयभीम. तिची चकली पोचली, संपलीसुद्धा.

तुमची
चैताली


सुरगाणा
२० नोव्हेंबर २०२२

चि. चैताली हिस जयभीम आणि आशीर्वाद.

साक्ष झाली. कलेक्टर कचेरीत मोठा हॉल, आत थंडगार. मी स्वेटर घरी विसरलो. समितीचे प्रमुख साहेब मधोमध, बाकीचे आमदार दोन्ही बाजूंना. शपथ दिली. मग साहेबांनी इचारलं, "धोंडीरामजी, शाळेच्या पटावरची मुलं तुमच्या जीपमधून मळ्यावर जातात का?"

म्हटलं, जातात.

"शाळेचं धान्य कुठं जातं ते ठाऊक आहे?"

म्हटलं, माझ्या जीपमध्ये नाय जात साहेब, टेम्पोत जातं. टेम्पो संस्थेच्या चालकाच्या मेव्हण्याचा. कुठल्या दुकानात उतरतं तेबी सांगितलं. साहेब खूश झाले. सगळं लिहून घेतलं.

मग म्हणाले, "आता मुलांची नावं सांगा. कोणकोण मळ्यावर गेलंय?"

म्हटलं, ते नाय सांगणार.

"ठाऊक नाहीत का?"

"ठाऊक हायेत साहेब. सगळ्यांची."

डाव्या बाजूचे एक तरुण आमदार हसत म्हणाले, "अहो काका, निदान ठाऊक नाही तरी म्हणायचं!" मी म्हटलं, "असं कसं म्हणू, आत्ताच शपथ घेतली ना तुमच्यापुढं."

साहेबांनी तीनदा इचारलं. पाणी दिलं. समजावलं. माणूस चांगला वाटला, आवाज चढवला नाय. शेवटी म्हणाले, "तुम्ही समितीच्या आदेशाचा भंग करताय, याची नोंद घ्यावी लागेल." म्हटलं, घ्या.

तू लिहिलं होतंस लपवू नका. मी लपवलं नाय. माझ्याजवळ हाय आणि देत नाय, असं उघड सांगितलं. बाहेर आल्यावर बहिरू म्हणाला, "धोंड्या, तू येडा का खुळा?" मी म्हटलं, यातलं बरं कोणतं ते तूच निवड.

तुझी आई दोन दिवस माझ्याशी बोलत नाय. घरात शांतता हाय.

तुझा
अप्पा


इंदिरानगर, नाशिक
२३ नोव्हेंबर २०२२

आदरणीय अप्पा,
सप्रेम जयभीम.

तुमचं पत्र वाचलं आणि योगिनी मॅडमच्या कपाटातली पुस्तकं काढून बसले. जे सापडलं ते तसंच सांगते, कारण तुम्हाला त्याची कल्पना नाही.

समितीसमोर साक्षीदाराने उत्तर नाकारणं म्हणजे विधानसभेचा अवमान. त्याला हक्कभंग म्हणतात. ही कोर्टातली भानगड नाही, जिथे तारखा पडतात आणि जामीन होतो. इथे सभागृह स्वतःच तक्रारदार आणि स्वतःच न्यायाधीश. समिती अहवाल देते, तो हक्कभंग समितीकडे जातो, ती तुम्हाला मुंबईला बोलावते आणि मग सभागृह शिक्षा ठरवतं. समज देतात. किंवा सगळ्या आमदारांसमोर उभं करून ताकीद देतात. किंवा तुरुंगात पाठवतात, अधिवेशन संपेपर्यंत. मी गप्प बसण्याचा हक्क शोधला. जो आरोपी असतो त्याला तो आहे. तुम्ही आरोपी नाही. म्हणजे आजवर गुन्हा केला असता तर जास्त सुरक्षित असता!

अप्पा, मला हे कळत नाही. तुम्ही टेम्पो सांगितला, मेव्हणा सांगितला, दुकान सांगितलं. मग नावांपाशीच का अडलात? नावांशिवाय खोटा पट सिद्ध कसा होणार? संस्थेचे चालक म्हणतील, सगळी मुलं शाळेतच होती, हा जीपवाला बरळतोय. धान्य चोरणारे सुटतील, आणि ते तुमच्या गप्प बसण्यामुळे सुटतील.

एक विचारायचं आहे. विचारलं नाही तर झोप येणार नाही. आई मागे म्हणाली होती, की संस्थेतल्या कोणाच्या शब्दावर तुम्हाला मळ्यांच्या खेपा मिळतात. तसं काही आहे का? असेल तर मला सांगा. मी तुमची मुलगी आहे, पण मी सनदही घेतली आहे.

तुमची
चैताली


सुरगाणा
२६ डिसेंबर २०२२

चि. चैताली हिस जयभीम.

तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देत नाय. साहेबांना नाय दिलं तेव्हा निदान पाणी तरी मिळालं होतं.

बाकी सगळं ठीक. आईचे गुडघे दुखतात. थंडी लय हाय.

मुंबईची नोटीस आली. जानेवारीच्या शेवटी बोलावलंय. पोस्टमनने ती बहिरूच्या हातात दिली, मी खेपेवर होतो. आता काय झालं ते ऐक. बहिरूने लिफाफ्यावरचं 'महाराष्ट्र विधानसभा' वाचलं. आत 'श्री. धोंडीराम गांगुर्डे यांनी उपस्थित राहावे' वाचलं. मधलं त्याला समजलं नाय, म्हणून ते सोडून दिलं. संध्याकाळी मी परत आलो तर स्टँडवर फ्लेक्स! माझा फोटो, गळ्यात हार. तो हार कुठला ते मला अजून कळलं नाय. बहुतेक तुझ्या चुलतभावाच्या लग्नातला. त्यावर लिहिलं हाय, 'विधानसभेवर बोलावणे आल्याबद्दल आमचे मार्गदर्शक मा. धोंडीरामशेठ यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक, समस्त जीप चालक-मालक मित्र मंडळ.'

मी जीप चालवतो तेच ते चालवतात, मी त्यांचा मार्गदर्शक कधी झालो?

नगरपंचायतीनं शाल-नारळ दिला. नगराध्यक्ष भाषणात म्हणाले, आपल्या डोंगराचा आवाज मुंबईत घुमणार. मी हळूच सांगितलं, "अहो, शिक्षेला बोलावलंय." ते माइक बाजूला करून म्हणाले, "असू द्या, आता कार्यक्रम सुरू झालाय."

उज्वला मॅडम, आश्रमशाळेच्या मुख्याध्यापिका, तेवढ्या मागं उभ्या होत्या. त्यांना नोटीस समजली होती. त्या टाळ्या वाजवत नव्हत्या.

आई म्हणते, माफी मागा आणि मोकळे व्हा. मी म्हटलं, शाल घेऊन माफी मागायची पद्धत कुठं असते?

अप्पा


इंदिरानगर, नाशिक
१५ जानेवारी २०२३

आदरणीय अप्पा,
सप्रेम जयभीम.

तुम्ही उत्तर दिलं नाही, म्हणून मी शोधायला गेले. गेल्या रविवारी योगिनी मॅडमची स्कूटर घेऊन दिंडोरीच्या पुढच्या मळ्यांवर फिरले. द्राक्षांची विरळणी चालू आहे. बाया मांडवाखाली मान वर करून उभ्या, कात्रीने घडातले जादा मणी काढत होत्या. दिवसभर मान वरच. सुरगाण्याची माणसं कुठे आहेत विचारत विचारत एका बांधापाशी पोचले. तिथे झोपड्या होत्या. एक मुलगी मांडीवर तान्हा भाऊ घेऊन भूगोलाचं पुस्तक वाचत होती.

मी तिला कोणत्या शाळेत जातेस असं विचारलं तर ती उठून आत पळाली. मग तिची आई आली, कात्री तशीच हातात. कुसाबाई. मला म्हणाली, "कोन तू? समितीची?"

मी म्हटलं, मी धोंडीराम जीपवाल्यांची मुलगी.

कात्री खाली गेली. "आगं मंग आधी नाय सांगायचं! बस, बस."

अप्पा, मग तिने मला परीक्षेची खेप सांगितली. चाचणी असली की तुम्ही पहाटे रिकामी जीप घेऊन मळ्यांवर येता. बांधाबांधावरून मुलं गोळा करता, डोंगरावर शाळेत नेऊन सोडता. मुलं पेपर लिहितात, आणि संध्याकाळी परत आणून सोडता. हे कितीतरी वर्षं चाललंय आणि माझ्याच घरात मला ठाऊक नाही! मला वाटायचं, तुम्ही त्या दिवसांत लग्नाच्या भाड्यावर जाता. कुसाबाई म्हणाली, "उज्वला मॅडम हजेरीत गैरहजर लावतात, खोटं नाय लावत. पण नाव कापत नाय. म्हनतात, परीक्षेला येतंय ना पोरगं, मंग ते माझंच. वरचे लोक त्याच पटाचं काय करतात ते त्यांचं पाप."

मी विचारलं, समितीला कळून नाव कापलं गेलं तर काय होईल?

ती माझ्याकडे अशी बघत राहिली जणू मी पाणी ओलं का असतं ते विचारलं. मग म्हणाली, "काय व्हनार? पुढल्या साली ह्या माझ्या निकिताचं लगीन. पटावर हाय तोवर मी घरच्यांना म्हनू शकते, पोर शाळंत हाय."

तेव्हा मला तुमचं 'ठाऊक हायेत साहेब, सगळ्यांची' ऐकू आलं. तुम्हाला नावं ठाऊक होती, एवढंच मी ऐकलं होतं. प्रत्येक नावामागे काय आहे हेही तुम्हाला ठाऊक होतं.

त्या पत्रात मी खेपांबद्दल विचारलं ते विचारायला नको होतं. मागे घेते म्हटलं तर ते कागदावर राहणारच. पण आज सांगते, कॉलेजात मी ज्या माणसांबद्दल वाचून भारावून जायचे, त्यांच्यापैकी कोणी मला पहाटे उठून जीपला हँडल मारताना दिसलं नव्हतं.

अजून कायदा माझ्या डोक्यातून जात नाही. समिती वाईट नाही, तिला चोर पकडायचे आहेत. आणि तुम्हीही वाईट नाही. मग दोघं समोरासमोर का उभे?

तुमची
चैताली


सुरगाणा
३० जानेवारी २०२३

चि. चैताली हिस जयभीम आणि आशीर्वाद.

जीपला आता हँडल नसतं. सेल्फ हाय. बाकी पत्र चांगलं होतं. आईने दोनदा वाचून घेतलं माझ्याकडून.

मुंबईला जाऊन आलो. बहिरू सोबत होता. हक्कभंग समितीपुढं उभं केलं. इथले साहेब वेगळे, वयस्क. त्यांनी कागद पुढं केला. म्हणाले, "यावर फक्त लिहून द्या, की झाल्या प्रकाराबद्दल मला खेद आहे. विषय इथंच संपेल. मोठमोठे अधिकारी लिहून देतात आणि चहा पिऊन जातात."

मी म्हटलं, "चहा घेतो साहेब. पण खेद नाय, तर लिहू कसा?"

"तुम्हाला तुरुंग होऊ शकतो, कल्पना आहे?"

म्हटलं, पोरीनं लिहून पाठवलंय सगळं. ती वकील हाय.

एक बाई होत्या समितीत. त्यांनी इचारलं, "नावं का देत नाही, एवढं तरी सांगा. तुम्हाला कोणी धमकावलंय?"

मी म्हटलं, "नाय बाई. नावं माझी नायत. माझ्या जीपमध्ये कोणी पिशवी विसरलं, तर ती मी दुसऱ्याला देतो का? ज्याची त्याला देतो. ही नावं ज्यांची हायेत ते मळ्यावर हायेत. त्यांना इचारलं का तुम्ही कोणी?"

त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं.

बाहेर आल्यावर बहिरूला वाटलं मी निवडून आलो. त्याने शिपायाला पेढे देऊ केले. शिपायाने घेतले.

अप्पा


इंदिरानगर, नाशिक
२६ फेब्रुवारी २०२३

आदरणीय अप्पा,
सप्रेम जयभीम.

'त्यांना इचारलं का' हे तुमचं वाक्य मी योगिनी मॅडमना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मग आपण विचारू. आणि समितीलाही विचारायला लावू."

मी पुस्तकात पुढची पानं वाचलीच नव्हती, अप्पा. घाबरून शिक्षेच्या पानाशीच थांबले होते. पुढे लिहिलंय, की समितीसमोर साक्ष दिली म्हणून साक्षीदाराला कोणी त्रास दिला, तर तोही सभागृहाचा हक्कभंग. ज्या अधिकाराने तुम्हाला तुरुंगात टाकता येतं, त्याच अधिकाराने कुसाबाईच्या निकिताचं नाव पटावर ठेवता येतं. आणि साक्ष बंद दाराआड घेता येते. आम्ही आधीच्या, आश्रमशाळेच्या समितीला अर्ज केला, पालकांना बोलवा, गुप्त साक्ष घ्या, आणि साक्षीमुळे एकाही मुलाचं नाव कापलं जाणार नाही असं आधी लेखी द्या.

समितीच्या प्रमुखांनी दिलं! त्यांची सही बघितली आणि मला रडू आलं. मॅडम म्हणाल्या, अर्ज मंजूर झाल्यावर वकील रडत नसतो.

मग मळ्यांवर गेले. नावं कोणाला विचारली नाहीत. कागद वाचून दाखवला आणि सांगितलं, यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. बरेच जण मान खाली घालून ऐकत राहिले आणि कामाला लागले. एकजण म्हणाला, "बाई, कागद तुमचा खरा असंल, पन कागद पावसात टिकत नाय."

शेवटी साक्षीला मोजकेच आले. पण आले. कुसाबाई पुढे. बाकीचे तिच्या मागे, काम बुडवून, धुतलेले कपडे घालून. दार बंद झाल्यावर मी व्हरांड्यात उभी. कुसाबाई बाहेर आली. म्हणाली, "सांगितलं मी. माझी पोर. निकिता. सहावीत. मीच घेऊन गेले तिला, धाकटं सांभाळायला. तिचं नाव कापू नका, कापायचं तर ज्यांनी तिच्या ताटातलं खाल्लं त्यांचं कापा." मग एकदम हसली आणि म्हणाली, "साहेब उभा ऱ्हायला गं माझ्यासाठी, मी जाताना."

संस्थेच्या चालकांची चौकशी आता पोलिसांकडे गेली आहे. समितीला पुरेसं मिळालं. म्हणाले, उरलेल्या मुलांची नावं नकोत.

मला वाटलं, आता तुमचं प्रकरणही मिटेल. नाही मिटत. हक्कभंग समितीचं म्हणणं, प्रश्न आता नावांचा राहिलेला नाही, नकाराचा आहे. आज एका चांगल्या माणसाला सोडलं, तर उद्या एखादा लबाड माणूस हेच उदाहरण दाखवून गप्प बसेल. अप्पा, मला खूप राग यायला हवा होता. पण हे म्हणणं मला चुकीचं वाटत नाही. तेच तर मला छळतंय.

मार्चमध्ये तुम्हाला सभागृहासमोर उभं करणार. मी येणार आहे.

तुमची
चैताली


सुरगाणा
९ मार्च २०२३

चि. चैताली हिस जयभीम.

त्यांचं बरोबर हाय. तू छळून घेऊ नको.

एकच अडचण. सदरा कोणता घालू? आई म्हणते पांढरा. मी म्हटलं, पांढरा घालून गेलो तर वाटेल मीच आमदार. ती म्हणाली, "लग्नासाठी मला बघायला आलात तेव्हा एवढा इचार केला नव्हतात."

तुरुंगात टाकलं तर परीक्षेला पोरं बहिरू नेईल. त्याला सगळे बांध दाखवून ठेवलेत. नावं त्यालाबी सांगितली नायत. पोरं आपली आपण चढतात.

भीती वाटते का, असं तू फोनवर इचारलंस आणि रेंज गेली. वाटते. घाटात ब्रेक कमी लागला की वाटते तशीच. तरी गाडी सोडून देता येत नाय.

अप्पा


इंदिरानगर, नाशिक
१८ मार्च २०२३

आदरणीय अप्पा,
सप्रेम जयभीम.

तुम्ही घरी पोचलात एवढंच बहिरूकाकांनी फोनवर सांगितलं. बाकी तुम्हीच लिहा. पण त्याआधी मी लिहिते, कारण गॅलरीतून मला जे दिसलं ते तुम्हाला दिसलं नसणार.

मला फक्त तुमची पाठ दिसत होती. पांढऱ्या सदऱ्याची घडी मोडलेली नव्हती. मार्शलनी तुम्हाला कठड्याशी आणलं तेव्हा तुम्ही हात मागे बांधून उभे राहिलात, आरटीओने गाडी अडवल्यावर उभे राहता तसे. खाली आमदार बोलत होते, कागद चाळत होते. अध्यक्षांनी आरोप वाचला. मग विचारलं, "आपणास सभागृहासमोर काही सांगायचे आहे का?"

तुम्ही म्हणालात, "सभागृहाचा मान मोठा हाय. तुम्ही इचारलं आणि मी नाय सांगितलं, हे खरं हाय. शिक्षा द्या, मी घेतो. पुन्हा इचाराल तरी नाय सांगणार, तेबी आत्ताच सांगून ठेवतो. उगाच फसवल्यासारखं नको."

अप्पा, त्या क्षणी कागदांचा आवाज थांबला. तुमच्या मागच्या रांगेत एक आमदार होते, थोड्या वेळापूर्वीच ते उभं राहून म्हणाले होते, की सात दिवस तुरुंग द्या, जरब बसली पाहिजे. ते तुमच्या पाठीकडे बघत होते, आणि त्यांनी हळूच पाय सरळ केले, ताठ बसले, वर्गात गुरुजी आल्यावर बसतो तसे. त्यांना स्वतःला ते कळलं नसेल. मी पाहिलं.

अध्यक्ष म्हणाले, साक्षीदाराचा हेतू काहीही असो, सभागृहाचा आदेश मोडला गेला आहे, आणि तो मोडणाऱ्याला शिक्षा न देणं म्हणजे जनतेच्या प्रश्न विचारण्याच्या अधिकाराला कमी लेखणं. म्हणून शिक्षा. आजचं कामकाज संपून सभागृह उठेपर्यंत मार्शलच्या ताब्यात.

मी आनंदाने रडावं की शिक्षा झाली म्हणून रडावं, ते कळेना. कॉलेजात संविधान शिकताना मला वाटायचं, त्याचा मान राखणं म्हणजे त्याची आज्ञा पाळणं. तुम्ही आज्ञा पाळली नाहीत आणि तरी त्या सगळ्या सभागृहात त्याचा मान तुमच्याइतका कोणी राखला असेल असं मला वाटत नाही.

तुम्हाला आत नेलं आणि थोड्याच वेळात खाली भलत्याच विषयावर गदारोळ झाला. कोणी पुढच्या मोकळ्या जागेत धावलं, घोषणा सुरू झाल्या, अध्यक्षांनी कामकाज तहकूब केलं. माझे आणि योगिनी मॅडमचे पास संपले म्हणून पोलिसांनी आम्हाला बाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी कोर्टात तारीख होती, मॅडमनी मला गाडीत बसवलं.

म्हणून मला शेवट ठाऊक नाही. तुम्हाला कधी सोडलं? कसं वागवलं? बहिरूकाका नुसतं म्हणतात, "तुझ्या बापाला विचार, मी तर कपाळ बडवून घेतलं."

तुमची
चैताली


सुरगाणा
२५ मार्च २०२३

चि. चैताली हिस जयभीम आणि आशीर्वाद.

चांगलं वागवलं. छोटी खोली, पंखा, दोन खुर्च्या. मार्शल साताऱ्याकडचा पोरगा, त्याचे वडीलबी ड्रायव्हर. चहा आला, मग पुन्हा चहा आला. आम्ही गिअरबॉक्सबद्दल बोललो.

तो गदारोळ आम्हाला आत ऐकू आला. थोड्या वेळानं मार्शल बाहेर जाऊन आला आणि म्हणाला, "काका, तहकूब झालंय. निघा तुम्ही."

मी इचारलं, "तहकूब म्हणजे उठलं का?"

"उठल्यासारखंच."

"पुन्हा भरणार का?"

"म्हणतात तासाभरानं. पण कोण बघतंय? साहेबांचाच निरोप हाय, जाऊ दिलं तरी चालेल."

म्हटलं, निरोप हाय का हुकूम? तो म्हणाला, निरोप. म्हटलं, मग बसतो.

त्याने दार उघडंच ठेवलं. समोर गेट दिसत होतं, गेटवर बहिरू. मला बघून तो दोन्ही हातांनी 'चल, चल' करत होता. मी 'थांब' असा हात केला. त्याने कपाळाला हात मारला.

सभागृह पुन्हा भरलं. पुन्हा तहकूब झालं. परत भरलं. मी बसून होतो. संध्याकाळ झाली तेव्हा नाशिकला मला प्रश्न इचारणारे ते समितीचे प्रमुख साहेब त्या वाटेनं चालले होते. दारात थांबले. "धोंडीरामजी, तुम्ही अजून इथं?"

म्हटलं, सभागृह उठलं का साहेब?

ते घड्याळाकडे बघत म्हणाले, "आत्ताच उठलं." मग आत येऊन समोरच्या खुर्चीत बसले. म्हणाले, "गेला असतात तर कोणी विचारलं नसतं." आणि मला गेटपर्यंत सोडायला स्वतः आले. बहिरूने त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतला, त्याचं काय करणार ते मला इचारू नको.

आई म्हणते, दार उघडं होतं तर येड्यासारखे बसून कशाला राहिलात? तिला सांगायला मला जमलं नाय, तुला सांगतो, तू तिला नीट समजाव. नावं नाय दिली, तो माझा शब्द होता. उठेपर्यंत बसायचं, हा त्यांचा. त्यांचा मोडून बाहेर पडलो असतो, तर माझ्या शब्दाला काय किंमत राहिली असती?

तुझा
अप्पा